कार्लाइल, १८९९ : दोन अटी आणि एक हंगाम

अमेरिकेत शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवणारी एक जुनी, देशभर पसरलेली संघटना आहे. तिचे नाव ‘पॉप वॉर्नर’. शनिवारी सकाळी हेल्मेट चढवून मैदानावर धावणाऱ्या तिथल्या कितीतरी मुलांना हा वॉर्नर कोण होता, हे बहुधा ठाऊक नसते. १८९९ च्या शरद ऋतूत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ग्लेन वॉर्नर पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी एका विलक्षण संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. आजचा धागा त्या पहिल्या हंगामाविषयी आहे.

धागा लांब आहे, हे आधीच सांगतो. या संघाविषयी समाजमाध्यमांवर जे फिरते ते सहसा जिम थॉर्पपासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. थॉर्प थोर होताच. पण तो कार्लाइलकडून खेळू लागला १९०७ मध्ये, म्हणजे पाया घातला गेल्यानंतर. मला स्वतःला १८९९ चे वर्ष अधिक अस्वस्थ करते. त्या वर्षी हा संघ देशातील बलाढ्य विद्यापीठांशी बरोबरीने झुंजला. आणि जे तरुण झुंजले, त्यांना त्याच देशाच्या सरकारने आपली भाषा, आपले नाव, आपले केस टाकून देण्यासाठी त्या शाळेत आणून ठेवले होते. आनंद मानायचा तर तो नेमका कोणाच्या विजयाचा, या प्रश्नापाशी हा हंगाम वाचताना मी दर वेळी अडतो.

आधी एका शब्दाविषयी. त्या काळच्या कागदपत्रांत या खेळाडूंना सर्वत्र ‘इंडियन’ म्हटले आहे. कोलंबसाचा भूगोल चुकला आणि त्या चुकीचे ओझे एका खंडाच्या रहिवाशांनी चारशे वर्षे वाहिले. आपल्या पासपोर्टावर तोच शब्द असल्याने मराठी वाचकाचा गोंधळ आणखी वाढतो. मी येथे ‘मूलनिवासी’ म्हणेन, आणि जमेल तेथे प्रत्येकाच्या राष्ट्राचे नाव देईन: लाकोटा, सेनेका, ओनायडा, प्वेब्लो. ही वेगवेगळी राष्ट्रे होती. त्यांच्या भाषा इतक्या भिन्न की एकाचे बोलणे दुसऱ्याला कळू नये. शाळेने याचाच उपयोग करून घेतला. एकाच खोलीत वेगवेगळ्या जमातींची मुले मुद्दाम ठेवली जात, म्हणजे आपापसांत बोलण्यासाठीसुद्धा त्यांना इंग्रजीवाचून गत्यंतर नसे.

ही शाळा काढली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने. १८७५ पासून तीन वर्षे तो फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन या किल्ल्यात सत्तरहून अधिक मूलनिवासी युद्धकैद्यांचा रखवालदार होता. त्याने कैद्यांच्या बेड्या काढल्या, त्यांना गणवेश चढवले, अक्षरे शिकवली, आणि त्यातून त्याची एक खात्री झाली: हे लोक बुद्धीने कोणाहून कमी नाहीत, त्यांना त्यांच्या समाजापासून तोडले की ते अमेरिकन होतील. या खात्रीपोटी १८७९ मध्ये त्याने कार्लाइलची जुनी लष्करी छावणी सरकारकडून मिळवली. ऑक्टोबरमधल्या एका मध्यरात्री रोझबड आणि पाइन रिज येथील ऐंशीहून अधिक लाकोटा मुलेमुली आगगाडीतून तेथे उतरली.

त्यांतल्या एकाने, लूथर स्टँडिंग बेअरने, पुढे आत्मचरित्र लिहिले. फळ्यावर काही पांढऱ्या खुणा काढलेल्या होत्या. हातात छडी देऊन त्यांतली एक निवडायला सांगितले गेले. जिच्यावर छडी टेकली ते त्याचे नाव झाले. ‘लूथर’ हे नाव त्याला असे मिळाले. मग केस कापले गेले. लाकोटांमध्ये केस कापणे ही शोकाची खूण असते, याची शाळेला पर्वा नव्हती. जॉन चोट नावाच्या छायाचित्रकाराकडून प्रॅट ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे काढवून घेई आणि ती वॉशिंग्टनमधील पुढाऱ्यांना, देणगीदारांना दाखवी. टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची ती जोडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस लोहारकाम, सुतारकाम, शिवणकाम, छपाई. उन्हाळ्यात घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी मजुरी. शिक्षा करायची तर १७७७ मध्ये बांधलेले दारूगोळ्याचे दगडी कोठार होते. त्याचीच कोठडी केलेली होती.

आणि एक दफनभूमी होती. क्षयाने, इतर आजारांनी मुले मरत. तेथे दीडशेहून अधिक थडगी होती. २०१७ पासून अमेरिकी लष्कराने काही मुलांचे अवशेष त्यांच्या राष्ट्रांकडे परत द्यायला सुरुवात केली, ती अरापाहो मुलांपासून.

प्रॅटला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसे करू नये, असे मला वाटते, कारण त्यामुळे तो कळत नाही. त्याच्या काळात मूलनिवासी जात्याच रानटी, ती सुधारणार नाही, ती नष्टच होणार असे उघडपणे म्हणणारे लोक सत्तेत होते. प्रॅट त्यांच्याशी जन्मभर भांडला. तो म्हणे, माणूस पुरता सक्षम आहे. मारायची आहे ती त्याच्यातली संस्कृती. एका श्वासात समता आणि संहार बोलणारा हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांवर मनापासून प्रेम करत होता, आणि मला तर तेच अधिक भयंकर वाटते.

या प्रयोगाचे फळ काय निघू शकते याची एक घटना सांगून पुढे जातो. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटांची कत्तल केली. त्यानंतर काही दिवसांनी प्लेंटी हॉर्सेस नावाच्या लाकोटा तरुणाने लेफ्टनंट एडवर्ड केसी या अधिकाऱ्याला पाठीमागून गोळी घातली. तो कार्लाइलला पाच वर्षे शिकून परत आला होता. त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: शाळेतून आलो तेव्हा मी गोऱ्यांचाही उरलो नव्हतो आणि आपल्यांचाही, आपल्या लोकांत पुन्हा जागा मिळावी म्हणून मी हे केले. युद्धस्थिती होती असे मानून न्यायालयाने त्याला सोडले. हे ध्यानात ठेवून आता फुटबॉलकडे वळू. वुंडेड नी आणि आपला हंगाम यांत नऊ वर्षांचेही अंतर नाही.

त्या काळचा फुटबॉल आजच्यापेक्षा खूप निराळा होता. अकरा विरुद्ध अकरा, ११० यार्डांचे मैदान, आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे. चेंडू पुढे फेकण्यास १९०६ पर्यंत मनाई होती. त्यामुळे एकमेकांना धरून, घोळका करून समोरच्या रांगेवर आदळणे हाच मुख्य डाव. टचडाउनचे पाच गुण, त्यानंतरच्या लाथेचा एक, मैदानातून चेंडू गोलखांबांवरून मारल्यास पाच, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसह पाडले तर दोन. याला ‘सेफ्टी’ म्हणतात, ही शेवटची बाब लक्षात ठेवा. हाडे मोडणे नित्याचे होते, मृत्यूही होत. १९०५ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असे सांगावे लागले. अशा खेळावर सत्ता होती ‘चार मोठ्यां’ची: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया. देशातील श्रीमंत, सत्ताधारी घराण्यांची मुले येथे शिकत.

कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते. तेथील अभ्यास फार तर माध्यमिक शाळेइतका. मुले शेजारच्या महाविद्यालयांशी खेळत, एका सामन्यात एका विद्यार्थ्याचा पाय मोडला आणि प्रॅटने बाहेरचे सामने बंद करून टाकले. यानंतर जे घडले तो या साऱ्या कथेचा, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. १८९३ च्या सुमारास सुमारे चाळीस मुले प्रॅटच्या कचेरीत येऊन उभी राहिली. त्यांनी शाळेतला उत्तम वक्ता पुढे केला होता. त्याने बंदी उठवण्याच्या बाजूने अशी मांडणी केली की प्रॅटला हसू आवरेना आणि नकारही देववेना. त्याने होकार दिला, पण दोन अटींवर. पहिली: काहीही झाले, समोरच्याने ठोसा मारला तरी, तुम्ही ठोसा मारायचा नाही, कारण तुम्ही मारलात की लोक म्हणतील, पाहा, हे रानटी ते रानटीच. दुसरी: दोन, तीन, चार वर्षांत देशातील सर्वांत मोठ्या संघाला हरवून दाखवायचे.

हा प्रसंग आपल्याला प्रॅटच्याच आठवणींतून कळतो, आणि त्याने त्या बऱ्याच काळानंतर लिहिल्या. वक्त्याचे शब्द आपल्याला त्याच्या लेखणीतूनच ऐकावे लागतात. तरीही एक गोष्ट त्यातून झाकली जात नाही. त्या शाळेत जवळजवळ सगळे वरून लादलेले होते: नाव, कपडे, भाषा, देव. फुटबॉल मात्र मुलांनी मागून घेतला.

अटींपैकी पहिली त्यांनी कशी पाळली याचे उदाहरण १८९६ च्या येलविरुद्धच्या सामन्यात मिळते. न्यूयॉर्कमध्ये हजारो प्रेक्षकांसमोर कार्लाइलचा जेमिसन घोळक्यातून निसटला आणि थेट गोलरेषेपार गेला. सामन्याचा निकाल फिरवणारा टचडाउन होता. पंचाने शिट्टी आधीच वाजवली होती असे सांगून तो नाकारला. हा पंच होता विल्यम हिकॉक, येलचा माजी खेळाडू, आणि त्याच वेळी कार्लाइलचा प्रशिक्षक! आपल्याच प्रशिक्षकाने आपला टचडाउन नाकारावा, असा प्रकार मी खेळांच्या इतिहासात दुसरा वाचलेला नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खेळाडू मैदान सोडून निघाले, तेव्हा प्रॅटने त्यांना समजावून परत पाठवले. त्यांनी सामना पुरा केला आणि १२-६ असा हरला. ठोसा कोणी मारला नाही.

आता वॉर्नर. न्यूयॉर्क राज्यातील स्प्रिंगव्हिलचा, कॉर्नेलचा कायद्याचा पदवीधर. संघातील इतरांपेक्षा वयाने मोठा म्हणून ‘पॉप’, म्हणजे ‘बाबा’. १८९८ मध्ये तो कॉर्नेलचा प्रशिक्षक असताना त्याच्या संघाने कार्लाइलला २३-६ असे हरवले, पण हरलेला संघ त्याच्या मनात भरला. प्रॅटलाही दरवर्षी बदलणारे येलचे पाहुणे प्रशिक्षक नको होते. वर्षाला १,२०० डॉलरवर सौदा झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

वॉर्नर आला तेव्हा उन्हाळ्याची मजुरी आटोपून मुले नुकतीच परतली होती. अंगाने बारीक, थकलेली. त्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने सराव सुरू केला, म्हणजे ओरडून आणि शिव्या देऊन. कॉर्नेलमध्ये ते चालत असे. येथे काही दिवसांत काही चांगले खेळाडू सरावाला यायचे बंद झाले. वॉर्नरने चौकशी केली तेव्हा कारण कळले: आम्हाला कोणी असे बोललेले आम्हाला चालत नाही. हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. त्याने खेळाडूंची माफी मागितली, जिभेला लगाम घातला, आणि मुले परत आली.

या प्रसंगाकडे वॉर्नरचे चरित्रकार एक मौजेचा किस्सा म्हणून पाहतात. मला तो तसा वाटत नाही. ज्या शाळेत नाव बदलायला, केस कापायला नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्या शाळेच्या मैदानावर तीच मुले एका गोऱ्या प्रशिक्षकाला न ओरडता, न भांडता, केवळ न येण्याने वळण लावतात. शाळेत इतरत्र हे शक्य नव्हते. लोहारशाळेत गैरहजर राहिले असते तर कोठडी होती. मैदानावर मात्र शाळेला त्यांची गरज होती, आणि ती त्यांनी ओळखली होती.

मग वॉर्नरनेही त्यांच्याकडून शिकायला सुरुवात केली असे दिसते. त्याच्याकडे हार्वर्डसारखी धिप्पाड मुले नव्हती. चपळ, दमदार आणि दाखवलेली गोष्ट एकदा पाहून उचलणारी मुले होती. घोळक्याने आदळण्याच्या खेळात त्याने वेग आणला. तोपर्यंत मागच्या फळीतले खेळाडू गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहत. वॉर्नरने त्यांना धावण्याच्या शर्यतीतल्या गड्यांप्रमाणे हात जमिनीला टेकून बसवले, म्हणजे चेंडू निघताच ते बाणासारखे सुटत. ही बैठक आपणच आणली असा त्याचा दावा होता. दावे करण्यात वॉर्नर कधी कमी पडला नाही.

आरंभीचे सामने सोपे गेले. १४ ऑक्टोबर १८९९ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी गाठ पडली. चार मोठ्यांपैकी हा एक. दोनच वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियाने आपले पंधराच्या पंधरा सामने जिंकले होते, आणि कार्लाइल त्यांच्याकडून वर्षामागून वर्ष हरत आले होते. त्या दिवशी कार्लाइल जिंकले, १६-५.

सहा वर्षे झाली होती. प्रॅटने घातलेली दुसरी अट, थोड्या उशिराने का होईना, पुरी झाली. १८९३ मध्ये कचेरीत उभ्या राहिलेल्या त्या चाळिसांपैकी बहुतेक तोपर्यंत शाळा सोडून गेले असणार. वचन दिले एकांनी, पाळले दुसऱ्यांनी. ते वर्षानुवर्षे एका तुकडीकडून दुसरीकडे कसे पोहोचत राहिले असेल, याचा विचार करताना मला या शाळेतल्या रात्रीच्या खोल्या दिसतात, जेथे चार राष्ट्रांची चार मुले परक्या भाषेत एकमेकांना गोष्टी सांगत असतील. हा माझा तर्क आहे, आणि तो तेवढ्याच किमतीला घ्यावा.

पंधरवड्याने हार्वर्ड. येथे हार झाली, २२-१०. पण या हारीचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. १८९९ चा हार्वर्डचा संघ त्या वर्षीचा देशातील श्रेष्ठ संघ. तो एकही सामना हरला नाही. अकरा सामन्यांत त्याच्यावर एकूण दहा गुण झाले. ते सगळे कार्लाइलचे. त्या अख्ख्या हंगामात हार्वर्डच्या गोलरेषेचे पावित्र्य दुसऱ्या कोणालाही भंगवता आले नाही, येललासुद्धा नाही.

प्रिन्स्टनने मात्र १२-० असे धुतले. त्यावर बोलण्यासारखे फारसे नाही. ते अधिक चांगले खेळले. ओबर्लिन, हॅमिल्टन यांच्याविरुद्धचे विजय मोठे आणि एकतर्फी. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाला चाळीसहून अधिक गुणांनी हरवले. गोऱ्या यात्रेकरूंना मूलनिवाशांनी जेवू घातल्याची आठवण म्हणून साजरा होणारा तो सण. त्या दिवशी त्या मैदानावर कोणी कोणाला काय वाढले, यावर न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी विनोद केले नसतील असे मानणे कठीण आहे. त्या काळची वर्तमानपत्रे कार्लाइलच्या प्रत्येक सामन्याचे वर्णन टोमॅहॉक, कवट्यांची कातडी आणि युद्धनृत्य यांच्याच भाषेत करत. प्रॅटला याचा संताप येई. बफेलो बिलच्या तमाशांना त्याचा जन्मभर विरोध होता, तो याच कारणाने. त्याला संघ हवा होता तो सभ्यतेचा पुरावा म्हणून. लोक मात्र तिकीट काढत ते दुसऱ्याच तमाशासाठी. आणि तिकिटांचे पैसे शाळेला हवे होते, म्हणून कार्लाइल जवळजवळ सगळे मोठे सामने परक्या मैदानांवर, मोठ्या शहरांत खेळे.

हंगामाचा शेवट खंडाच्या दुसऱ्या टोकाला झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर अजिंक्य होता. त्याने कार्लाइलला बोलावले, आणि संघ आगगाडीने सॅन फ्रान्सिस्कोला गेला. हा मार्ग कोणता? ज्या मैदानी प्रदेशांतून, डोंगरांतून त्यांच्या आजोबांना हुसकावून लोहमार्ग टाकला गेला, तो. २५ डिसेंबर १८९९, नाताळ. सामना अतिशय चुरशीचा, गुणफलक शेवटी २-० कार्लाइलच्या बाजूने. सेफ्टी. कॅलिफोर्नियाचा खेळाडू चेंडूसह आपल्याच गोलरेषेमागे पाडला गेला, आणि तेवढेच. त्या हंगामात कॅलिफोर्नियाचा तेवढा एकच पराभव. त्यांच्यावर संपूर्ण वर्षात झालेले गुणही ते दोनच. म्हणजे पूर्वेला हार्वर्डवर झालेले सगळे गुण आणि पश्चिमेला कॅलिफोर्नियावर झालेले सगळे गुण एकाच संघाचे होते. नऊ विजय, दोन हारी.

त्या संघातील काही नावे. मध्यावर चेंडू सांभाळणारा फ्रँक हडसन, प्वेब्लो. चणीने लहान, पण चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलखांबांवरून मारण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. इंग्रजीत याला ड्रॉप-किक म्हणतात. रांगेत मार्टिन व्हीलॉक, विस्कॉन्सिनचा ओनायडा. थॅडियस रेडवॉटर, उत्तरेकडचा शायान; त्याचे लोक कस्टरविरुद्ध लढले होते, आणि त्याला अजून पाव शतकही झाले नव्हते. आणि आयझॅक सेनेका, नावाप्रमाणेच सेनेका. येलच्या वॉल्टर कॅम्पने दरवर्षीप्रमाणे देशातील सर्वोत्तम अकरांची यादी केली, तेव्हा पहिल्या संघात सेनेकाचे नाव होते. कार्लाइलचा, आणि मूलनिवाशांपैकी, हा मान मिळवणारा तो पहिला. या यादीला ‘ऑल-अमेरिकन’ म्हणतात. मूलनिवाशांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेच्या संसदेने केला १९२४ मध्ये. सेनेका ‘ऑल-अमेरिकन’ झाला १८९९ मध्ये. मधली पंचवीस वर्षे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावीत.

या तरुणांना स्वतःला काय वाटत होते? इतिहास वाचणाऱ्याची खरी पंचाईत येथे होते. शाळेचे एक साप्ताहिक होते, ‘इंडियन हेल्पर’. ते छापत विद्यार्थीच, खिळे जुळवत तेही विद्यार्थीच, पण त्यात बोलत असे एक अदृश्य संपादक, ‘बँडस्टँडवरचा माणूस’. शाळेच्या आवारात मध्यभागी वाद्यवृंदासाठी चौथरा होता. तेथून आपल्याला सगळे दिसते, कोण लाकोटा बोलले, कोण आळसात बसले, हे आपण टिपतो, असे तो अंकाअंकातून सांगे. हे लेखन छापखान्याच्या प्रमुख मॅरिॲना बर्जेस यांच्या हातचे. अशा डोळ्याखाली छापलेल्या पानांत विजयाचे कौतुक भरपूर सापडते. वॉर्नरच्या आठवणी आहेत, प्रॅटच्या आठवणी आहेत, वर्तमानपत्रांचे रकाने आहेत. प्रॅटच्या लेखी हा हंगाम म्हणजे शाळेच्या तत्त्वाचा विजय. वॉर्नरच्या लेखी प्रशिक्षकाच्या बुद्धीचा. वर्तमानपत्रांनी तो एका जंगली करमणुकीच्या खात्यात जमा केला. खेळाडूंनी तो कोणत्या खात्यात मांडला, त्याची वही आपल्या हाती जवळपास नाही.

म्हणून मला कृतींवर भिस्त ठेवावी लागते. चाळीस मुले कचेरीत उभी राहिली. येलविरुद्ध मैदान सोडून निघाली. वॉर्नरच्या शिव्यांनंतर सरावाला आली नाहीत. या तीन कृती आपल्यापर्यंत प्रतिपक्षाच्या कागदांतून पोहोचल्या आहेत, आणि तरीही त्यांचा अर्थ त्या कागदांना पुरता झाकता आलेला नाही. हा हंगाम शाळेने घडवला असे कोणी म्हणाले तर मी एवढेच विचारीन, की मग ही मुले शाळेत जे शिकवले जात होते त्याच्या उलट का वागत होती? आज्ञाधारकपणा हा त्या शाळेचा पहिला धडा होता.

याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. या विजयांनी कार्लाइलला प्रतिष्ठा दिली, आणि त्या प्रतिष्ठेने शाळेला पैसे, पुढाऱ्यांचा आश्रय आणि नवी मुले मिळवून दिली. सेनेका हार्वर्डविरुद्ध धावत होता त्याच महिन्यात त्याच आवारात कोणीतरी आठ-दहा वर्षांचे मूल आपली भाषा बोलले म्हणून शिक्षा भोगत असणार. मैदानावरची मोकळीक आणि आवारातला जाच एकमेकांना पोसत होते. ही गाठ मला सोडवता आलेली नाही, आणि ज्यांना ती एका ओळीत सोडवता येते त्यांच्या धाग्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

पुढचे थोडक्यात. प्रॅटला १९०४ मध्ये सरकारने पदावरून दूर केले. वॉर्नर १९०३ नंतर कॉर्नेलला गेला, १९०७ मध्ये परतला, आणि थॉर्पची वर्षे त्याच्याच हाताखाली गेली. संघाच्या पैशांवर, खेळाडूंवर, हळूहळू शाळेच्या कारभारावरही त्याचा वचक वाढत गेला. १९१४ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीने शाळेची चौकशी केली, कारण विद्यार्थ्यांनी तशी लेखी मागणी केली होती. दोनशेहून अधिक सह्या. त्या मागणीमागे होता गस वेल्च, ओजिब्वे, वॉर्नरच्याच संघाचा क्वार्टरबॅक. समितीपुढे त्याने साक्ष दिली. प्रशिक्षक म्हणून वॉर्नर चांगला आहे, असे तो म्हणाला. पण या माणसाला तत्त्वे नाहीत. शिव्यांची तक्रारही त्या साक्षींत पुन्हा आली. पंधरा वर्षांपूर्वी घातलेला लगाम कधीतरी सुटला होता.

वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेला आणि तेथे आणखी मोठा झाला. शाळा १९१८ मध्ये बंद पडली. पहिल्या महायुद्धातील जखमींसाठी लष्कराने छावणी परत मागून घेतली. आज तेथे अमेरिकी लष्कराचे युद्ध महाविद्यालय आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या जागेला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले.

थॉर्पवर आणि १९१२ च्या लष्करी अकादमीविरुद्धच्या सामन्यावर स्वतंत्र धागा लिहीन. त्या सामन्यात कार्लाइलचा क्वार्टरबॅक हाच गस वेल्च होता.